टाळ्या नकोत, आधी सिस्टरना खरं काय ते सांगा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरातलं कुणी दवाखान्यात कामाला आहे, मग ते डॉक्टर असोत, सिस्टर असोत की वॉर्डातल्या मावशी, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनीही वाचा, कारण आज ना उद्या त्याच वॉर्डात आपल्यापैकी कुणाची तरी खाट असणार आहे.

आधी तीन तारखा सांगतो. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता आपण गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या. ३ मे ला हवाई दलाच्या हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुलं टाकली गेली. आणि या दोन्हीच्या मधे, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, मुंबई सेंट्रलजवळचं एक मोठं खासगी रुग्णालय महापालिकेने सील केलं. कारण तिथल्या २६ नर्स आणि ३ डॉक्टर पॉझिटिव्ह निघाले होते. ज्यांच्यासाठी थाळ्या वाजवल्या तेच खाटेवर पडले आणि रुग्णालयाच्या दारावर कुलूप लागलं.

आता हे काही खेड्यातलं, औषधांची वानवा असलेलं रुग्णालय नव्हतं. पैसा, यंत्रं, नावाजलेले डॉक्टर सगळं होतं. तेव्हा नर्सेसच्या संघटनेची तक्रार अशी होती की बाधित रुग्णांच्या संपर्कात आलेल्या नर्सेसना वेळेवर वेगळं ठेवलं गेलं नाही आणि पुरेशी साधनं दिली गेली नाहीत. त्या तक्रारीत कोण बरोबर, कोण चूक, हा निवाडा मी करत नाही. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या खाटेजवळ आपण उभे आहोत त्या खाटेवरच्या माणसाला काय झालंय, किंवा काय झालं असण्याची शंका आहे, हे नर्सला सगळ्यात आधी कळायला हवं. ते कळलं नाही तर गोदामात कितीही किट असोत, उपयोग शून्य.

या पोस्टचा मुद्दा एवढाच आहे. साथीच्या लाटेत कर्मचाऱ्याचं पहिलं संरक्षण म्हणजे खरी आणि वेळेवर मिळालेली माहिती. मास्क, किट, हातमोजे त्यानंतर येतात. कारण कुठला मास्क, कुणापाशी, किती वेळ घालायचा हे माहितीवरच ठरतं. आणि या एका बाबतीत आपण २०२० मध्ये कमी पडलो, २०२१ मध्ये कमी पडलो, आणि आज कुणी विचारलं तर पुढच्या लाटेची लेखी तयारी किती दवाखान्यांत सापडेल, देव जाणे.

माहिती अडते कुठे?

दवाखान्यातली उतरंड आपल्याला माहीत आहे. आदेश आधी वैद्यकीय अधीक्षकांकडे येतो. तिथून मेट्रनकडे, मेट्रनकडून वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरकडे, त्यांच्याकडून ड्युटीवरच्या स्टाफ नर्सकडे. एवढ्या पायऱ्या उतरेपर्यंत सहा पानांच्या आदेशाची दोन वाक्यं झालेली असतात. आणि मावशी, वॉर्डबॉय, सफाई कामगार, लॉन्ड्रीवाले, एक्स-रे टेक्निशियन, रुग्णवाहिकेचा चालक यांच्यापर्यंत तीही पोचत नाहीत. ते बहुतेक वेळा कंत्राटी असतात. त्यांना मालक वेगळा, पगार वेगळा, आणि मीटिंगला बोलावणं नाही.

जरा विचार करा. रुग्णाला सगळ्यात आधी भेटतो तो गेटवरचा सुरक्षा रक्षक. स्ट्रेचर ढकलतो तो वॉर्डबॉय. चादर बदलतात, बेडपॅन उचलतात त्या मावशी. मृतदेह बांधतो तो शवागारातला कामगार. विषाणूला यातला कोण कायम आणि कोण कंत्राटी हे कळत नाही. ते फक्त आपल्या व्यवस्थेला कळतं.

दुसरी अडचण म्हणजे आदेश बदलतात. नवा आजार असला की बदलणारच, त्यात गैर काही नाही. मार्च २०२० मध्ये खुद्द जागतिक आरोग्य संघटना ठामपणे सांगत होती की कोविड हवेतून पसरत नाही. पुढे ज्ञान वाढलं, भूमिका बदलली. मे २०२१ मध्ये आपल्या केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने सूचना काढली की बारीक तुषारकण दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, म्हणून खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळती ठेवा. आता सांगा, ही सूचना किती वॉर्डांत, किती स्टाफरूममध्ये जाऊन कुणी समजावली? ड्युटीभर किट घालून घामेजलेली माणसं डबा खायला एका बंद खोलीत मास्क काढून बसणार. वॉर्डात जपलेला जीव जेवणाच्या टेबलावर धोक्यात येतो, तो असा. यात खर्चाचा प्रश्नच नाही. खिडकी उघडायची, आणि पाळीपाळीने जेवायचं. पण सांगावं कुणीतरी लागतं.

किटचंही तसंच. घालण्यापेक्षा काढताना जास्त धोका असतो, हे ज्याला कुणी शिकवलेलंच नाही तो दमलेला माणूस बाहेर आल्या आल्या पहिल्यांदा काय करेल? चेहऱ्यावरचा घाम पुसेल. एन-९५ मास्क नाकाच्या बाजूने सैल बसला तर साध्या मास्कपेक्षा फार वेगळा उरत नाही. हे दहा मिनिटांत दाखवता येतं. पण दाखवणारा माणूस नेमून ठेवलेला असावा लागतो, आणि तो लाट येण्याआधी नेमावा लागतो.

जबाबदारी कुणाची?

८ एप्रिल २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने, नागपूरच्या एका डॉक्टरांच्या याचिकेवर, आरोग्य कर्मचारी ही या लढाईतली पहिली फळी आहे असं म्हटलं आणि त्यांना संरक्षक साधनं पुरवा असा आदेश दिला. चांगली गोष्ट झाली. पण दोनच महिन्यांनी, जूनमध्ये, दुसऱ्या एका याचिकेत केंद्राने त्याच न्यायालयात काय सांगितलं माहिती आहे? रुग्णालयाची संसर्ग नियंत्रण समिती आहे, तिने उपाय राबवायचे आहेत, पण स्वतःला संसर्गापासून वाचवण्याची अंतिम जबाबदारी त्या कर्मचाऱ्याचीच आहे.

हे वाक्य नीट वाचा. मास्क कुठला मिळेल हे तो ठरवत नाही. ड्युटी किती तासांची हे तो ठरवत नाही. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचा रिपोर्ट त्याला आधी कळत नाही. घरी जायचं की वेगळं राहायचं हेही त्याच्या हातात नाही. आणि अंतिम जबाबदारी मात्र त्याची! एसटीच्या चालकाला ब्रेक नसलेली गाडी द्यायची आणि अपघात झाला तर म्हणायचं, सांभाळून चालवायला नको का? तसलाच हा प्रकार.

त्याच वर्षी सप्टेंबरात संसदेत प्रश्न विचारला गेला की कोविडने किती आरोग्य कर्मचारी गेले. उत्तर आलं की आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, केंद्राच्या पातळीवर अशी आकडेवारी ठेवली जात नाही. त्यावर इंडियन मेडिकल असोसिएशनने ३८२ डॉक्टरांची यादी स्वतः जाहीर केली. डॉक्टरांची निदान संघटना होती, तिने नावं मोजली. मावशींची, सफाई कामगारांची, आशाताईंची नावं कुणी मोजली? ५० लाखांच्या विम्याची घोषणा मार्च २०२० अखेरीस झाली होती, आशाताईही त्यात होत्या. विमा हवाच. पण विमा मिळतो माणूस गेल्यावर. तो जाऊ नये म्हणून काय केलं, याचा हिशेब कुठल्या वहीत आहे? किती कर्मचारी बाधित झाले, कुठल्या वॉर्डात झाले, कशामुळे झाले, हे मोजलंच नाही तर पुढच्या वेळी सुधारणार काय?

एकाच दिवशी दोन शहरांत

कुणी म्हणेल, नवीन आजारात असं होणारच, कुणाला काय ठाऊक होतं. म्हणून कोविडच्या सतरा वर्षं आधीचं एक उदाहरण देतो. ते कॅनडातलं आहे, पण आपल्याला चपखल लागू पडतं.

२००३ मध्ये सार्सची साथ आली. हाही कोरोना विषाणूच. जगभरात सुमारे ८,१०० माणसं आजारी पडली, ७७४ गेली, आणि आजारी पडलेल्यांत जवळपास दर पाचवा माणूस रुग्णालयात काम करणारा होता. कॅनडातल्या दोन शहरांत, व्हँकुव्हर आणि टोरांटोत, ७ मार्च २००३ या एकाच दिवशी एकेक रुग्ण रुग्णालयात आला. दोघांच्या संसर्गाचा धागा हाँगकाँगच्या एकाच हॉटेलपर्यंत जात होता. आजाराला तेव्हा नावही नव्हतं.

व्हँकुव्हरमध्ये रुग्णाला आल्याआल्या, काही मिनिटांत, वेगळं ठेवलं गेलं. का? कारण चीन आणि हाँगकाँगकडे काहीतरी विचित्र न्यूमोनिया दिसतोय, तिकडून आलेला तापाचा रुग्ण दिसला तर सावध राहा, ही सूचना त्या प्रांताच्या रोग नियंत्रण केंद्राने आधीच काढली होती आणि ती थेट इमर्जन्सीत काम करणाऱ्यांपर्यंत पोचली होती. टोरांटोत तशी सूचना खालपर्यंत पोचलेली नव्हती. तिथला रुग्ण इमर्जन्सी विभागात इतर रुग्णांच्या शेजारी रात्रभर होता. पुढे व्हँकुव्हरमध्ये साथ पसरलीच नाही. टोरांटो आणि परिसरात शेकडो लोक आजारी पडले, ४४ मृत्यू झाले. त्यात दोन नर्स आणि एक डॉक्टर होते.

याहून बोलकी गोष्ट पुढची आहे. मे महिन्यात टोरांटोत साथ संपली असं मानून मास्कचे नियम सैल केले गेले. तेव्हा एका रुग्णालयातल्या नर्सेस सांगत होत्या की आम्हाला वॉर्डात पुन्हा तशीच लक्षणं दिसताहेत. त्यांना उत्तर मिळालं, हे सार्स नाही. ते सार्सच होतं. दुसरी लाट तिथूनच उसळली. नंतर न्यायमूर्ती आर्ची कँपबेल यांच्या चौकशी आयोगाने यावर मोठा अहवाल दिला. त्याचं सार आपल्या भाषेत सांगायचं तर शास्त्रीय पुराव्याची शंभर टक्के खात्री होईपर्यंत थांबू नका, आधी माणसं वाचवा. आणि वॉर्डात काम करणाऱ्यांचं ऐका.

म्हणजे माहिती वरून खाली जायला हवी हे अर्धंच झालं. ती खालून वरही यायला हवी. वॉर्डात बारा तास उभ्या असलेल्या सिस्टरला जे दिसतं ते केबिनमध्ये बसून दिसत नाही. आपल्याकडे मात्र सिस्टरने "साहेब, हे काहीतरी वेगळं वाटतंय" म्हटलं तर उत्तर काय मिळतं, हे वेगळं सांगायला नको. आणि तिने बाहेर कुणाला सांगितलं तर नोटीस.

कायदा आहे, पण कशासाठी?

आपला साथरोग कायदा १८९७ चा. मुंबई-पुण्यात प्लेग पसरला म्हणून इंग्रजांनी फेब्रुवारीत तो केला. त्याच साथीत पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. कायद्यात सरकारला उपाय लादण्याचे अधिकार भरपूर होते, पण रुग्णाची सेवा करणाऱ्याच्या जिवाचं काय, यावर अवाक्षर नव्हतं. १२३ वर्षांनी, एप्रिल २०२० मध्ये, त्यात दुरुस्ती झाली. आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला करून गंभीर इजा केली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा. महाराष्ट्राचा स्वतःचा असा कायदा तर २०१० पासून आहे.

हे कायदे हवेतच. डॉक्टरच्या अंगावर हात टाकणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण लक्षात घ्या, हा कायदा कर्मचाऱ्याला नातेवाइकाच्या मुठीपासून वाचवतो. रुग्णालयाच्या हलगर्जीपणापासून, दडवलेल्या रिपोर्टपासून, न सांगितलेल्या धोक्यापासून वाचवणारं कलम त्यात नाही.

आणि हल्ल्यांचंही एक कारण माहितीचा अभावच आहे. एप्रिल २०२१ आठवा. राज्यात एका दिवसात ६८ हजारांवर नवे रुग्ण सापडत होते. नातेवाईक रात्रंदिवस गेटबाहेर उभे, आत आपल्या माणसाचं काय चाललंय याचा पत्ता नाही. जो पहिला पांढरा कोट बाहेर येईल त्याच्यावर सगळा राग निघायचा. रोज ठरलेल्या वेळी एका ठरलेल्या माणसाने प्रत्येक घरच्यांना दोन मिनिटं फोन केला असता तरी बरेचसे प्रसंग टळले असते. बाउन्सर ठेवण्यापेक्षा हे स्वस्त आहे.

"सांगितलं तर घाबरतील"

हा युक्तिवाद मी खूप ऐकलाय. खरं सांगितलं तर स्टाफ घाबरेल, ड्युटीला येणार नाही. मला अगदी उलट वाटतं. माणूस धोक्याला तेवढा घाबरत नाही, जेवढा लपवाछपवीला घाबरतो. किटचा साठा आठ दिवसांचा उरलाय हे अधीक्षकांनी स्वतः सांगितलं तर लोक काटकसर करतील, उपाय सुचवतील. तेच व्हॉट्सअ‍ॅपवर "किट संपली म्हणे" असं फिरलं की विश्वास उडतो, आणि मग खरं सांगितलेलंही कुणाला पटत नाही.

दुसरा आक्षेप, लाटेत वेळ कुठे असतो? नसतो, मान्य. म्हणूनच ते आज, शांत असताना ठरवून लिहून ठेवायचं. आग लागल्यावर विहीर खणत नाहीत.

मग करायचं काय?

आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयापासून शहरातल्या मोठ्या खासगी रुग्णालयापर्यंत सगळीकडे शक्य असलेल्या गोष्टी सांगतो. यातल्या बहुतेकांना निविदा काढावी लागत नाही.

१. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला दहा मिनिटं उभ्याउभ्या बैठक. वॉर्डात किती संशयित, किती बाधित, कुठला नियम बदलला, साठा किती उरला. या बैठकीला मावशी, वॉर्डबॉय, सफाई कामगार, सुरक्षा रक्षक सगळे. कंत्राटी आहेत म्हणून वगळायचं नाही.

२. सूचना एकाच ठिकाणी, एकाच फलकावर, मराठीत, तारीख आणि वेळ टाकून. जुनी सूचना काढल्याशिवाय नवी लावायची नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर हा आदेश नव्हे, हे सगळ्यांना स्पष्ट सांगायचं.

३. कर्मचाऱ्याच्या संपर्कातला रुग्ण बाधित निघाला तर त्या कर्मचाऱ्याला त्याच दिवशी कळवायचं. वर्तमानपत्रातून किंवा कुजबुजीतून कळता कामा नये. त्याची तपासणी आणि गरज पडल्यास वेगळं राहण्याची सोय रुग्णालयाने करायची, पगार न कापता.

४. किट घालताना आणि काढताना बघणारा एक प्रशिक्षित माणूस, प्रत्येक पाळीला. आणि दर काही महिन्यांनी सराव, साथ असो वा नसो.

५. धोका दिसला तर सांगणाऱ्याला संरक्षण. संसर्ग नियंत्रण समितीत स्टाफ नर्सचा आणि चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी असावा, आणि तिच्या बैठकीचं इतिवृत्त स्टाफला वाचायला मिळावं.

६. किती कर्मचारी बाधित झाले, कुठे झाले, याचा आकडा दर आठवड्याला आतल्या फलकावर. नावं नकोत, आकडा हवा.

आता आपलं काम. सरकारी रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते. तिच्यात आपले लोकप्रतिनिधी आणि गावातली ओळखीची माणसं असतात. त्यांना गाठा आणि सरळ विचारा की पुढच्या लाटेसाठी कर्मचाऱ्यांना माहिती देण्याची लेखी योजना आहे का? असेल तर दाखवा, नसेल तर कधी होणार? तोंडी उत्तर मिळालं तर माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपये लागतात. खासगी रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आली तर खोलीत एसी आहे का हे जसं विचारतो, तसं सिस्टरनाही सहज विचारा, "ताई, तुम्हाला इथे सगळं वेळेवर कळतं का?" त्यांच्या उत्तराआधीच चेहऱ्यावरून बरंच कळेल.

आणि दवाखान्यात काम करणाऱ्या माझ्या वाचकांनो, तुमच्याकडे यातलं काय होतं आणि काय होत नाही ते कमेंटमध्ये लिहा. नाव, रुग्णालय लिहायची गरज नाही. उघड लिहिणं अडचणीचं वाटत असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. जे चांगलं चाललंय तेही लिहा, म्हणजे दुसऱ्यांना उचलता येईल.

थाळ्या आपण पुन्हाही वाजवू, त्याला पैसे पडत नाहीत. पण पुढच्या वेळी त्या वाजवण्याआधी आपल्या दवाखान्यातल्या फलकावर आजच्या तारखेची सूचना लागली आहे का, आणि ती मावशींना कुणी वाचून दाखवली आहे का, एवढं बघून या.